नवे डॉक्टर, नवी ओळख: तुम्ही वारंवार विचारता ते प्रश्न

आईबाबांना कराडहून पुण्याला आणून आता ६ वर्षं झाली. तिथल्या डॉक्टरांकडे आमचं घर ३१ वर्षं जात होतं. बाबांचा फोनवरचा आवाज ऐकूनच ते विचारायचे, "दमा उठलाय ना?" पुण्यात तशी ओळख पहिल्यापासून करावी लागली आणि ती करताना आमचं बरंच चुकलंही. त्याबद्दल लिहिल्यापासून घर, गाव किंवा नोकरी बदललेल्यांचे प्रश्न सतत येतात. त्यातले पुन्हा पुन्हा येणारे इथे एकत्र केले आहेत. मी डॉक्टर नाही, त्यामुळे कुठल्या आजाराला काय घ्यावं हे इथे सापडणार नाही. डॉक्टरांशी नातं कसं जुळवावं, तेवढंच आहे.

१. घरात सध्या कोणी आजारी नाही. मग आत्तापासून डॉक्टर कशाला शोधायचे?

रात्री दोन वाजता ताप १०३ वर गेल्यावर शोधायला निघालात तर जे दार उघडं दिसेल तिथे जाल, आणि तिथे तुम्हाला ओळखणारं कोणी नसेल. धडधाकट असताना तुम्ही कसे दिसता, किती बोलता, नेहमीचं वजन आणि बीपी किती, हे ज्यांनी पाहिलंय त्यांनाच "आज काहीतरी वेगळं आहे" हे चटकन कळतं. नव्या घरात गेल्यावर दूधवाला, पेपरवाला ठरवतो त्याच आठवड्यात डॉक्टरही ठरवा. निमित्त साधं पुरतं: वर्षाची रक्ततपासणी, मुलांचं लशीचं कार्ड दाखवणं, प्रवासाआधीची विचारपूस.

एक अपवाद मात्र पक्का ध्यानात ठेवा. छातीत जोरात दुखणं, तोंड वाकडं होणं, अचानक बोबडी वळणं, शुद्ध हरपणं, अशा वेळी ओळखीचे डॉक्टर गाठत बसू नका. थेट १०८.

२. फॅमिली डॉक्टर म्हणजे नेमके कोण? एमबीबीएस, एमडी, बीएएमएस, बीएचएमएस यांतलं काय पाहायचं?

घरातल्या बहुतेक दुखण्यांना जे आधी पाहतात आणि गरज पडली तर कोणाकडे पाठवायचं ते ठरवतात, ते फॅमिली डॉक्टर. एमबीबीएस ही ॲलोपॅथीची मूळ पदवी, एमडी मेडिसिन हे त्यापुढचं शिक्षण, बीएएमएस आयुर्वेदाची आणि बीएचएमएस होमिओपॅथीची पदवी. महाराष्ट्रात या तिन्ही शाखांच्या नोंदणीच्या परिषदा वेगवेगळ्या आहेत. आपले डॉक्टर कोणत्या शाखेचे आहेत हे आपल्याला माहीत असावं आणि ते विचारण्यात उद्धटपणा काहीच नाही. ॲलोपॅथी डॉक्टरांचा नोंदणी क्रमांक दवाखान्यात लावलेला असला पाहिजे आणि चिठ्ठीवरही छापलेला असला पाहिजे, असा २००२ च्या व्यावसायिक आचारसंहितेचा नियमच आहे. तो दिसत नसेल तर मी तिथे दुसऱ्यांदा जाणार नाही.

३. शोधायचे कसे? इंटरनेटवरचे स्टार पाहून जावं का?

स्टार पाहून पार्किंग कसं आहे आणि थांबावं किती लागतं ते कळेल. त्यापेक्षा सोसायटीतल्या ज्या घरात म्हातारी माणसं किंवा लहान मुलं आहेत तिथे विचारा. विचारताना "चांगले आहेत का?" असं नका विचारू, त्यावर सगळे हो म्हणतात. "कधी औषध न देता परत पाठवलंय का?" आणि "वेळेवर दुसऱ्यांकडे पाठवलंय का?" असं विचारा. कोपऱ्यावरच्या मेडिकलवाल्यालाही बरंच ठाऊक असतं, कारण सगळ्यांच्या चिठ्ठ्या त्याच्या काउंटरवरून जातात. आणि अंतर बघा. चालत किंवा रिक्षाने दहा मिनिटांत गाठता आले पाहिजेत. शहराच्या दुसऱ्या टोकाच्या नामवंत डॉक्टरांकडे तुम्ही सर्दी-खोकल्याला जाणार नाही, आणि ओळख तर त्या सर्दी-खोकल्यातूनच होते.

४. पहिल्या भेटीला काय काय न्यायचं?

सगळ्यात आधी पिशवी. म्हणजे घरात त्या माणसाची जेवढी औषधं आहेत तेवढी सगळी, अर्ध्या राहिलेल्या स्ट्रिपांसकट.

आईला पहिल्यांदा नेलं तेव्हा मी तिच्या औषधांची यादी नीट टाइप करून नेली होती. डॉक्टरांनी ती पाहिली आणि म्हणाले, "उद्या गोळ्याच घेऊन या. डब्यात, फ्रिजवर, देवघरात, जिथे असतील तिथल्या सगळ्या." दुसऱ्या दिवशी आईने साडीच्या दुकानाची पिशवी त्यांच्या टेबलावर उपडी केली. ते पेनच्या टोकाने एकेक स्ट्रिप बाजूला करत गेले. चष्मा कपाळावर सरकवून मागची बारीक अक्षरं वाचत होते. मग दोन स्ट्रिपा त्यांनी शेजारी शेजारी ठेवल्या आणि माझ्याकडे वळवल्या. रंग वेगळे, नावं वेगळी, आणि मागे दोन्हींवर तेच: अ‍ॅम्लोडिपिन ५ मिलीग्राम, बीपीची गोळी. एक कराडची नेहमीची, दुसरी मधे ॲडमिट होती तेव्हाच्या डिस्चार्ज कार्डावरची. आई ४ महिने दोन्ही घेत होती. त्या दुहेरी डोसाने संध्याकाळी तिचे घोटे सुजायचे आणि आम्ही म्हणायचो, वय झालं. माझ्या टाइप केलेल्या यादीत दोन्ही नावं होती. मला ती दोन वेगळी औषधं वाटली होती.

पिशवीबरोबर शेवटचे दोन-तीन रिपोर्ट, डिस्चार्ज कार्ड, आणि एका पानावर हाताने लिहिलेलं एवढं: कोणती ऑपरेशनं झाली आणि कोणत्या वर्षी, कोणत्या औषधाची रिअ‍ॅक्शन आली होती, आईवडील-भावंडांत कोणाला शुगर, हृदयविकार, कर्करोग. दहा वर्षांची जाडजूड फाइल पहिल्या दिवशी टेबलावर ठेवू नका. ती कोणीही वाचत नाही, आणि कामाचा कागद नेमका तिच्यातच हरवतो.

५. जुन्या डॉक्टरांकडचे आमचे कागद मागता येतात का?

हो, आणि संकोच न करता मागा. रुग्णालयात दाखल झाला असाल तर उपचार सुरू झाल्यापासून ३ वर्षं नोंदी जपणं डॉक्टरांवर बंधनकारक आहे, आणि मागितल्यावर ७२ तासांत त्या द्याव्यात असं २००२ च्या त्याच आचारसंहितेत आहे. ३ वर्षांची ती अट दाखल रुग्णांसाठी आहे, दवाखान्यातल्या रोजच्या केसपेपरसाठी नाही. म्हणून डॉक्टर निवृत्त होणार किंवा तुम्ही गाव सोडणार असं ठरलं की निघण्याआधीच त्यांच्याकडून एक पत्र लिहून घ्या: काय आजार, कधीपासून, कोणतं औषध लागू पडलं, कोणतं पडलं नाही. आमच्या कराडच्या डॉक्टरांनी बाबांसाठी लिहिलेलं पाऊण पानाचं पत्र नव्या डॉक्टरांनी दोनदा वाचलं आणि स्वतःकडे झेरॉक्स ठेवून घेतली.

६. डॉक्टर पाच मिनिटांत मोकळं करतात. एवढ्या वेळात नातं कसं जुळणार?

सगळ्यात जास्त वेळा आलेला प्रश्न हाच. बाहेर तीस माणसं बसलेली असताना त्यांना आपल्यासाठी अर्धा तास काढता येणार नाही, हे आधी मान्य करू. मग त्या पाच मिनिटांत आपल्या हातात काय आहे ते पाहू.

पहिलं, जी गोष्ट सगळ्यात जास्त सतावतेय ती आत गेल्या गेल्या सांगायची. आपल्याकडे उलटं होतं. आधी पाठदुखी, मग अपचन, मग झोप, आणि खुर्चीतून उठताना, हात दारावर असताना, "बरं डॉक्टर, जिना चढताना छातीत जरा जड होतं, ते काही नाही ना?" माझ्या बाबांनी अगदी असंच केलं होतं. डॉक्टरांनी त्यांना परत बसवलं आणि पुढचे दोन पेशंट थांबले.

दुसरं, सांगताना क्रम ठेवायचा: कधीपासून, कशाने वाढतं, कशाने कमी होतं, स्वतःहून काय घेतलं. "खूप दिवसांपासून" ऐवजी "गणपती उठल्यापासून" म्हटलं तरी डॉक्टरांना कळतं. "काल इंटरनेटवर वाचलं, मला अमुक झालंय" अशी सुरुवात टाळा. भीती वाटत असेल तर शेवटी तसंच सांगा, "मला कॅन्सरची भीती वाटतेय." चांगले डॉक्टर त्यावर थांबून बोलतात.

तिसरं, उठण्याआधी तीन गोष्टी विचारून घ्या: तुम्हाला काय वाटतंय, औषध किती दिवस घ्यायचं, आणि काय झालं तर लगेच यायचं. उत्तर ऐकून आपल्या शब्दांत एकदा परत म्हणून दाखवा. अर्धे गैरसमज तिथेच मिटतात.

आणि वेळ निवडा. सोमवारची सकाळ आणि रोजची संध्याकाळ गर्दीची. कंपाउंडरला विचारा, "निवांत कधी असतात?" तो सांगतो. त्याच्याशी नीट बोला, त्याचं नाव लक्षात ठेवा. पुढे तुमचा फोन तोच उचलणार आहे.

७. बीपी दवाखान्यात नेहमी जास्त येतं, घरी नाही. नवे डॉक्टर विश्वास ठेवतील का?

तोंडी सांगून नाही, वहीवर ठेवतील. घरी मोजताना आधी अर्धा तास चहा, कॉफी, तंबाखू नको, पाच मिनिटं पाठ टेकून, पाय जमिनीवर ठेवून शांत बसायचं, मग मोजायचं. तारीख आणि वेळेसह आठवडाभराचे आकडे लिहून न्या. जास्त आलेला आकडा गाळू नका.

८. दारू, तंबाखू, मिश्री, काढे, भस्मं हे सगळं सांगायलाच हवं का? लाज वाटते.

सांगायला हवं, आणि आकड्यात. "कधीतरी घेतो" यातून त्यांना काहीच कळत नाही. "शनिवारी तीन पेग" म्हटलं की कळतं. मिश्रीचं तर घरातल्या बायका कोणालाच सांगत नाहीत, ती दात घासायची गोष्ट वाटते. पण ती तंबाखूच आहे. आमच्या ओळखीच्या एक काकू ४० वर्षं लावत होत्या आणि कोणत्याही केसपेपरवर त्याची नोंद नव्हती.

गुडघ्यासाठी मेडिकलमधून परस्पर आणलेली दुखण्याची गोळीही सांगा. अशा बऱ्याच गोळ्यांनी बीपी वाढतं आणि किडनीवर ताण येतो. डॉक्टरांना ती माहीत नसेल तर ते बीपीचं औषध वाढवत राहतील. काढ्यांचं, भस्मांचं तेच: घेऊ नका असं मी म्हणत नाही, लपवू नका म्हणते. डॉक्टर रागावतील ही भीती खरी आहे, एकदा रागावतीलही. दुसऱ्यांदा खरं सांगणाऱ्या पेशंटशी ते वेगळं बोलतात, हे मी घरात पाहिलंय.

९. आईवडिलांना घेऊन जाताना बोलायचं कोणी? आई तर म्हणते, "डॉक्टर काय, पोरगंच आहे."

आधी पोरगं. माझी आईही हेच म्हणाली होती. कराडचे डॉक्टर तिच्या वयाचे, आणि इथे समोर तिच्या भाच्याएवढा मुलगा. तिचं मत माझ्या समजावण्याने बदललं नाही. तिसऱ्या भेटीत त्यांनी तिला स्टूलवर बसवून चपला काढायला सांगितल्या, स्वतः खाली वाकून घोट्यावर बोट दाबलं आणि म्हणाले, "काकू, खड्डा पडत नाही आता. सूज गेली." बाहेर आल्यावर ती एवढंच म्हणाली, "हात लावून बघतो." तेव्हापासून ते पोरगं नाहीत, "आपले डॉक्टर" आहेत. वेळ द्या, आणि निवडताना हात लावून तपासणारे डॉक्टर निवडा.

आता बोलण्याचं. आधी त्यांना बोलू द्या, कितीही फाफटपसारा वाटला तरी. आपण मधे पडलो की डॉक्टर आपल्याकडे पाहून बोलू लागतात आणि म्हातारं माणूस खुर्चीत गप्प होतं. तुमची भर शेवटी घाला: रात्री किती वेळा उठतात, जेवण कमी झालंय का, पडले होते का. पडल्याचं वडील हमखास लपवतात. त्यांच्यासमोर बोलायला अवघड असेल तर आधीच एका चिठ्ठीवर लिहून कंपाउंडरकडे द्या. आणि दरवेळी दोन मिनिटं बाहेर जाऊन बसा. त्यांनाही तुमच्याबद्दल काही सांगायचं असू शकतं.

१०. व्हॉट्सअ‍ॅपवर विचारलेलं डॉक्टरांना चालतं का?

त्यांनाच विचारा, पहिल्या-दुसऱ्या भेटीत, स्पष्ट: "फोन कधी केलेला चालेल, मेसेज कशासाठी चालेल?" फोनवरून सल्ला द्यायला मार्च २०२० पासून केंद्र सरकारची टेलिमेडिसिनची मार्गदर्शक तत्त्वं आहेत. त्यांनुसार प्रत्यक्ष तपासायला बोलवायचं की नाही, हा निर्णय डॉक्टरांचा. ओळखीच्या पेशंटने प्रत्यक्ष भेटीनंतर ६ महिन्यांच्या आत त्याच आजारासाठी विचारलं तर तो पुढचा सल्ला धरला जातो, त्यामुळे फोनवर औषध देणं त्यांना सोपं जातं. अधूनमधून प्रत्यक्ष जाऊन येणं म्हणूनही उपयोगाचं आहे. रिपोर्टचा फोटो पाठवला तर आधी नाव, वय आणि एका ओळीत काय विचारायचंय ते लिहा. आणि फोनवरच्या सल्ल्याची फी विचारून द्या. "दोन मिनिटांचंच काम होतं" असं म्हणून ती बुडवू नका.

११. साध्या तापाला अँटिबायोटिक दिलं नाही, सलाईनही लावली नाही. डॉक्टर कच्चे आहेत का?

उलट. बहुतेक सर्दी-ताप विषाणूंचे असतात आणि त्यांवर अँटिबायोटिक चालत नाही. न देणाऱ्या डॉक्टरांनी तुम्हाला नाराज करायची जोखीम घेतलेली असते. "किती दिवसांत उतरला नाही तर येऊ?" एवढं विचारा आणि त्या दिवशी खरंच जा.

१२. खूप तपासण्या लिहितात, शंका येते. दुसऱ्या डॉक्टरांचं मत घेतलं तर यांना राग येईल?

दुसरं मत घेणं हा तुमचा हक्क आहे. राष्ट्रीय मानवाधिकार आयोगाच्या २०१८ च्या रुग्ण हक्क सनदेत तो आहे, आणि तपासणी किंवा औषधं कुठून घ्यायची ते ठरवण्याचा हक्कही आहे. पण आधी विचारून पाहा, "या तपासणीने उपचारात काय बदलेल?" सरळ उत्तर मिळालं तर शंका तिथेच मिटते. ऑपरेशनसारखी मोठी गोष्ट असेल तर लपूनछपून जाऊ नका. "घरच्यांच्या समाधानासाठी एकदा दाखवून येतो, तुम्ही कोणाचं नाव सुचवाल?" असं म्हणा. जे डॉक्टर यावर चिडतात, त्यांच्याबद्दल तुम्हाला उत्तर मिळालं. कमिशन देणं-घेणं डॉक्टरांना आचारसंहितेने मना आहे. तरी एकाच लॅबचा हट्ट धरला जात असेल तर कारण विचारा.

१३. बाईमाणसाला पुरुष डॉक्टरांकडे तपासून घ्यायला अवघडतं. काय म्हणावं?

"तपासताना सिस्टर किंवा माझी बहीण आत असू दे," एवढंच, मोकळेपणाने. पुरुष डॉक्टर तपासत असताना दुसरी स्त्री सोबत असणं हा त्याच सनदेतला हक्क आहे.

१४. कॉलेजातल्या मुलाने एकट्याने जाऊन काही सांगितलं तर डॉक्टर घरी सांगतील का?

१८ पूर्ण असतील तर पेशंटचं गुपित राखणं डॉक्टरांवर बंधनकारक आहे, फी आईवडिलांनी भरली तरी. १८ च्या आतलं असेल तर पालकांचा भाग येतो, आणि लैंगिक संबंधांची बाब असेल तर २०१२ च्या पॉक्सो कायद्याने कळवावं लागतं. मुलांनी आधीच विचारावं: "हे घरी कळेल का?" पालकांना माझी विनंती, मुलं सोळा-सतराची झाली की त्यांना दोन मिनिटं एकटी आत पाठवा. मन फार अस्वस्थ असेल आणि डॉक्टरांपर्यंत जायलाही धीर होत नसेल, तर १४४१६ ही टेली-मानसची सरकारी हेल्पलाइन आहे.

१५. इतकी ओळख झालीय, तर मेडिक्लेमसाठी "शुगर नवीनच निघाली" असं लिहून मागू का?

नका मागू. खोटा दाखला दिला तर डॉक्टरांचं नाव नोंदवहीतून काढलं जाऊ शकतं. तुमच्यासाठी त्यांनी ३० वर्षांची प्रॅक्टिस पणाला लावावी, असं तुम्ही मागताय. विम्यात सलग ६० महिने झाल्यावर कंपनीला जुन्या आजाराचा मुद्दा काढता येत नाही, पण फसवणूक सिद्ध झाली तर ती सवलत उरत नाही. पॉलिसी घेतानाच खरं लिहा. डॉक्टरांकडून आजार कधीपासून आहे याचा खरा दाखला घ्या, तो कामाला येतो.

१६. दिवाळीचा फराळ, आंब्याची पेटी दिली तर चालेल?

फराळ जरूर द्या, आपल्याकडे तशी रीतच आहे. कंपाउंडरचा डबा वेगळा द्या. महागाच्या वस्तू नकोत, त्याने दोघांनाही अवघडल्यासारखं होतं. डॉक्टरांना त्याहून आवडणारी गोष्ट मी सांगू? बरं वाटल्यावर एकदा कळवा. औषध लागू पडलं की नाही, हे त्यांना बहुतेक वेळा कधी कळतच नाही.

१७. आम्ही परदेशात आहोत. इथे फॅमिली डॉक्टर असे मिळतच नाहीत, मग?

इंग्लंडात पोचल्यावर आधी जवळच्या जीपीकडे, म्हणजे तिथल्या फॅमिली डॉक्टरांकडे, नाव नोंदवा. नोंदणी फुकट असते, आणि पत्त्याचा पुरावा किंवा ओळखपत्र नाही म्हणून नाव नाकारता येत नाही. आईवडिलांना इंग्रजी जमत नसेल तर मराठी दुभाषा मागा, त्याचेही पैसे पडत नाहीत. अमेरिकेत विम्याच्या यादीतले प्रायमरी केअर डॉक्टर निवडावे लागतात आणि नव्या पेशंटला पहिली वेळ मिळायला आठवडेच्या आठवडे जातात, म्हणून तिथे प्र. १ दुप्पट लागू आहे. पिशवी (प्र. ४) दोन्हीकडे चालते, फक्त ब्रँडऐवजी औषधाचं मूळ नाव लिहून न्या. भारतातले ब्रँड तिकडे कोणाला माहीत नसतात.

१८. भांडण झालं, किंवा पटलंच नाही. सोडायचे कसे?

एकदा बोलून पाहा, गर्दी नसताना: "त्या दिवशी तुम्ही ओरडलात, मला ते लागलं." आमच्याकडे यावर एका डॉक्टरांनी माफी मागितली होती आणि ते नातं टिकलं. दुसऱ्या एका दवाखान्यात मात्र आईसमोरच "या वयात काय अपेक्षा धरता" असं ऐकावं लागलं. तिथून आम्ही रिपोर्ट घेतले, फी चुकती केली आणि परत गेलो नाही. कारण सांगायला तुम्ही बांधील नाही. औषधं मात्र नवे डॉक्टर भेटेपर्यंत स्वतःच्या मनाने बंद करू नका.

१९. गावी गेलं की आई जुन्या डॉक्टरांकडे जातेच. दोन डॉक्टर चालतील का?

जाऊ द्या. तिला तिथे औषधापेक्षा जास्त काहीतरी मिळतं. माझी आई दरवर्षी गणपतीत कराडला गेली की डॉक्टरांना भेटून येते, दोघं मिळून मागच्या पिढीची चौकशी करतात. फक्त औषधांची यादी एकाच ठिकाणी ठरली पाहिजे, नाहीतर पुन्हा दोन स्ट्रिपा जमतील. आम्ही तिच्या पर्समध्ये सध्याच्या औषधांचा कागद ठेवतो, वर पुण्याच्या डॉक्टरांचा नंबर. कराडच्या डॉक्टरांना काही बदलावंसं वाटलं तर ते आधी फोन लावतात. नाही लागला तर कागदाच्या मागे दोन ओळी लिहून देतात, आणि तो कागद परतल्यावर त्याच आठवड्यात आम्ही पुण्यात दाखवतो.